मास्तरांच्या गाडीवरचा चिकटा

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण खडू-फळ्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सव्वीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून लोकांना गाडी चालवायला शिकवलं. मग त्याच डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध एक डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, यावर इलाज नाही आणि आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

शिकवणी बंद झाली. गाडी बायकोच्या धाकट्या भावाने घ्यायची ठरली. त्याने एकच गोष्ट सांगितली.

"दाजी, दारांवरची अक्षरं तेवढी काढून ठेवा. नाहीतर सिग्नलला लोक मला फी विचारतील."

रविवारी सकाळी मास्तरांनी केस वाळवायचा ड्रायर अंगणात आणला, स्टिकर गरम केलं आणि नखाने कोपरा उचलला. वरचा कागद सोलल्यासारखा निघाला, पण गोंद दारावरच राहिला. तासाभरात त्यावर धूळ बसली आणि 'ड्रायव्हिंग स्कूल' पुन्हा वाचता यायला लागलं, फक्त आता काळ्या अक्षरांत.

"तेल लावा, मुरू द्या, मग पुसा," बायको म्हणाली. तिने स्वतः डाव्या दाराला तेल चोळलं. अर्ध्या तासात ते दार लख्ख निघालं. मग ती कपडे वाळत घालायला मागे गेली.

उजव्या दारापाशी मास्तरांना धीर निघेना. खिडक्या रंगवल्या तेव्हाचं थिनर उरलेलं होतं. ते त्यांनी फडक्यावर ओतलं. दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपत होते. चिकट लागलं की घासायचे. पुन्हा चाचपायचे, तर पुन्हा चिकट. मग आणखी थिनर.

बायको परत आली आणि बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"अहो, थांबा."

"अजून चिकटतंय."

"तो गोंद नाही. रंग निघतोय गाडीचा."

मास्तरांनी मान तिरकी करून बघितलं. फडकं निळं झालं होतं. दारावर परातीएवढा पांढुरका चट्टा पडला होता.

"मला आधी सांगायचं नाही का?"

"मी मागे होते हो."

मास्तरांनी फडकं खाली टाकलं. रागवायचं तरी कुणावर?

संध्याकाळी मेहुणा आला. त्याने दारावरून हात फिरवला.

"आठवडाभर थांब. मी रंगवून देतो," मास्तर म्हणाले.

"राहू द्या दाजी. माझ्या ओळखीचा पेंटर आहे."

तो इतक्या समजुतीने बोलला की मास्तरांना ते जास्त लागलं. त्यांनी किल्ली पुढे केली. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

"कोपऱ्यावर वळला का?" त्यांनी विचारलं.

"मघाशीच," बायको म्हणाली. "चला आत, हात धुऊन घ्या."

साबण दोनदा लावला तरी थिनरचा वास जाईना. तिसऱ्यांदा तिनेच त्यांची बोटं हातात घेतली आणि एकेक करून घासली. मास्तर लहान मुलासारखे हात पुढे करून उभे राहिले.