दिवसाची लाइट मागणारा दादा

मंचरला मी शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. "ताई, तुमचे दादा गेले," एवढंच म्हणाली… रात्री कांद्याला पाणी भरताना दादाच्या हाताला साप चावला होता. जुन्नरच्या दवाखान्याच्या वाटेवरच तो संपला. दुपारी चॅनेलचे दोघं जण कॅमेरा घेऊन दादाच्या दारात आले. "बिबट्या होता का?" साप म्हटल्यावर चहा न घेताच गेले. माझा राग तिथं सुरू झाला. त्याला आता महिना उलटला, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

माझा हा थोरला भाऊ वाद घालण्यात पटाईत. पुढं कसली वीज चालणार, हा त्याचा लाडका विषय. त्याची सासुरवाडी आणे गावची. पठारावरचं वारं दाखवून मेहुणा पवनचक्कीची बाजू घ्यायचा. दादा त्याला धुऊन काढायचा. "वारं लहरी हाय पावणं. धरणाचं पानी उन्हाळ्यात तळाला जातं. शेणाचा गॅस म्हणाल, तर गोठ्यात दोनच गाया ऱ्हायल्यात. ऊन तेवढं कुणाच्या बापाला चुकलं न्हाई. पुढं समदं उन्हावरच चालणार." एवढ्या मोठ्या भविष्याकडं त्याचं मागणं काय, तर दिवसा पाणी भरावं आणि रात्री घरात झोपावं. आमच्याकडं मोटरची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री.

सोलर पंप त्याला सरकारी योजनेतून मिळत होता. पण विहीर सामायिक, आणि चुलतभावाची संमती हवी. हा अण्णा सही देईना. "तू दिवसभर उपसशील, माझ्या पाळीला गाळ ऱ्हाईल," म्हणायचा. दादा म्हणाला, पाळ्या आहेत तशाच ठेवू, पंपही दोघांचा. तर अण्णा म्हणतो, "विहीर सामायिक, अन् प्लेटा तुझ्या बांधावर व्हय?" दादा म्हणाला, तुझ्या बांधावर बसव. तरी नाहीच. दर उन्हाळ्यात दादा त्याच्या दारात जायचा, पडलेल्या चेहऱ्यानं परत यायचा… ऑफिसात एकच उत्तर, संमती आणा.

दहाव्याला घाटावर नेहमीसारखा माइक होता. एक पुढारी श्रद्धांजलीला उठले आणि दादाचं नाव एकदा घेऊन थेट सौरऊर्जेवर गेले. येणारा काळ सूर्याचा, आपला तालुका उजळणार वगैरे. माझं डोकंच फिरलं. बायका मागं बसतात, मी उठून पुढं गेले आणि माइक घेतला. "साहेब, हे माझ्या भावाला पाठ होतं. तो मेला त्या रात्री लाइट रातची का होती, तेवढं सांगा." सूत्रसंचालकानं हळूच माइक काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

पिंडाला कावळा शिवल्यावर अण्णा आला. डोकं तुळतुळीत, डोळे लाल. "ताई, आणा कागद. करतो सही." मी म्हटलं, "अण्णा, ज्याला पाहिजे होती तो गेला." तो रडला. रडू दे. आता म्हणे आधी वारस नोंद, मग नवा अर्ज, मग नंबर लागेल तेव्हा.

परवा संध्याकाळी मी गेले, तेव्हा वहिनी ओट्यावर बसून दादाचे गमबूट घालत होती. मोठे होतात, म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या होत्या.

"कांदा वाळून चाललाय, ताई," ती म्हणाली. "या आठवड्यात रातची लाइट हाय."