ओट्यावरचा लाल-हिरवा दिवा

माणसांवर जीव टाकणारा आणि त्यांच्या शब्दावर काडीचाही विश्वास न ठेवणारा आमच्या साडूभाऊंसारखा गृहस्थ अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी दुसरा सापडायचा नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघे ब्राह्मणपुरीच्या एकाच घरचे जावई आणि पुण्यातल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीचे नोकर. फरक इतकाच, की मी पुण्यात बसून प्रोग्राम लिहितो आणि ते कळसाडीला घराच्या ओट्यावर बसून माझ्यासारख्यांच्या चुका धरतात. आमच्याकडे पुष्कळ जण मिळून एकच प्रोग्राम लिहितात. कुणी आपला बदल सामाईक जागी पाठवला, की एक मशीन आपोआप कामाला लागतं आणि सगळ्यांचं काम एकत्र बांधून तपासतं. जुळलं तर हिरवी खूण, बिनसलं तर लाल. याला बिल्ड म्हणतात. बिल्ड लाल झालं की ते का झालं हे शोधणं ही साडूभाऊंची नोकरी. ते मात्र स्वतःला आमच्या प्रोग्रामचे पोलीस पाटील समजतात.

तपासाची त्यांची रीत ठरलेली. ज्याच्या बदलावर बिल्ड लाल झालं त्याला फोन लावायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "जेवण व्हयनं का?" उपाशी माणसाच्या हातून चुका होतात, हा त्यांचा सिद्धांत. पुण्याची नवी मंडळी या प्रश्नाने गडबडून जातात. दुसरा प्रश्न, काय बदललं? समोरचा म्हणतो, काहीच नाही. हे ऐकलं की साडूभाऊंची कळी खुलते. मी कळसाडीला असलो, की फोनवर हात ठेवून ते मला म्हणतात, "साडूभाऊ, जो म्हनस मी काहीच नही बदलं, त्यानीच बदलेल ऱ्हास." एकदा मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, की मी कशालाही हात लावलेला नाही. फक्त एका बटणाचा रंग तेवढा बदलला होता, आणि रंग म्हणजे काय बदल झाला का! बिल्ड त्या रंगापायीच पडलं होतं. तेव्हापासून सासुरवाडीला कोणी नवा सदरा घालून आलं, की ते माझ्याकडे बघून विचारतात, "काही बदलं का?"

मशीन चूक सांगायला लागलं की पानंच्या पानं रडतं. आम्ही सगळे शेवटची ओळ वाचतो, कारण ती समोर असते. साडूभाऊ वर वर जात पहिली तक्रार गाठतात. पोरांच्या भांडणात सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला जवळ घेऊ नये, पहिली चापट कुणाला बसली ते बघावं, असं त्यांचं म्हणणं. आणि 'पुन्हा चालवा' नावाचं जे बटण असतं, ते दाबणं त्यांच्या लेखी जुगार. कारण न शोधता पुन्हा चालवून हिरवं झालेलं बिल्ड ते हिरवं मानतच नाहीत. ब्राह्मणपुरीच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांचा फोन वाजला, तेव्हा आपल्या अक्षता माझ्या मुठीत कोंबून ते जनरेटरच्या मागे जाऊन बसले. वधूवरांवर दोघांच्या वाटच्या अक्षता मीच टाकल्या. वरात निघाली तेव्हा ते हसत परत आले आणि "हिरवं व्हयनं" असं नवरदेवाला सांगून मोकळे झाले. त्या बिचाऱ्याला तो आशीर्वादच वाटला.

पण खरी कमाल त्यांच्या दिव्याची. गणपती मंडळाच्या रोषणाईतला एक उरलेला दिवा त्यांनी ओट्यावर टांगला आणि कसल्याशा तारा जोडून तो थेट बिल्डला बांधला. बिल्ड हिरवं की दिवा हिरवा, बिल्ड लाल की दिवा लाल. त्यामुळे आमच्या कंपनीची अब्रू रोज कळसाडीच्या गल्लीत टांगलेली असते. लाल असला की शेजारणी विरजण मागायला येत नाहीत, हिरव्याची वाट बघतात. एकदा केळी भरायला आलेला नवखा ड्रायव्हर लाल दिवा बघून गाडी थांबवून बसला. शेवटी समोरच्या म्हातारबाने त्याला सांगितलं, "चाल रे भो, तो सिग्नल नही, त्यानी नोकरी शे."

ही नोकरी ते गावातून करत होते ती कंपनीच्या मेहेरबानीवर. पुण्यात बरीच वर्षं काढून झाल्यावर त्यांनी कंपनीच्या मॅडमच्या मागे लागून गावाकडून काम करण्याची एक वर्षाची परवानगी मिळवली. ती नेमकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू झाली. खानदेशात शेतावरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आखाजीला लागतो आणि पुढच्या आखाजीला त्याचं साल भरतं, म्हणून साडूभाऊ सांगत सुटले, "मी कंपनीना सालदार शे." गावी आल्यापासून ते रोज संध्याकाळी आपल्या वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, केळीच्या वावरात जातात. दोघं बांधावर बसतात आणि एकमेकांशी काहीही बोलत नाहीत. पण न बोलायला रोज एकत्र जातात. पुण्यात असताना साडूभाऊंचं तोंड क्षणभर मिटलेलं मी पाहिलं नव्हतं. तरीही, खरं सांगायचं तर, साल भरल्यावर ते पुण्याला परत येतील अशी आम्हा नवराबायकोला आशा होती. आमच्याच इमारतीतला एक फ्लॅट आम्ही मनातल्या मनात त्यांना देऊनही टाकला होता.

या आखाजीला आम्ही ब्राह्मणपुरीहून कळसाडीला गेलो होतो. घागर पुजली, पुरणपोळी आणि आमरस झाला. साडूभाऊंचं साल भरलं होतं, मुदतवाढ तेवढी मॅडमकडून यायची होती. आप्पा लेकाला म्हणाले, "तुन्हं बी नवं साल लागनं. श्री लिखी टाक." त्या घरात श्री लिहिल्याशिवाय कोणताही कागद सुरू होत नाही. साडूभाऊंनी भक्तिभावाने लॅपटॉप उघडला. ज्या फाईलपासून आमचं बिल्ड सुरू होतं तिच्या अगदी माथ्यावर, मशीनने ही ओळ सोडून द्यावी अशी खूण लावून, त्यांनी श्री लिहिलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या कुणीतरी बदल पाठवला आणि दिवा लाल झाला. साडूभाऊंनी तो बदल मागे घेतला, तरी लालच. त्याच्या आधीचाही मागे घेतला, तरी लाल. तेच काम स्वतःच्या हाताने चालवून पाहावं तर सुरळीत चाले, आपोआप चाललं की पडे. संध्याकाळी कंपनीच्या मॅडमचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्यापर्यंत हे सुटलं नाही, तर मला तुमची मुदत वाढवता येणार नाही. तुम्ही पुण्याला येऊनच बघा."

सकाळी वहिनींनी, म्हणजे साडूभाऊंच्या पत्नीने, माळ्यावरची मोठी बॅग खाली घेतली आणि त्या ती पुसायला लागल्या. साडूभाऊंनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवशी ते कुणालाही जेवलास का म्हणून विचारत नव्हते. एकामागून एक फोन चालले होते आणि सगळे तेच सांगत होते, आम्ही काही बदललं नाही. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. मी म्हटलं, "सगळ्यांना विचारलंत. तुम्ही काय बदललंत?"

"मी? मी काहीच नही बदलं," ते म्हणाले, आणि त्यांचा आ वासलेला तसाच राहिला.

मग त्यांनी आपलंच दफ्तर उघडलं. त्यांच्या स्वतःच्या फाईली बदलल्या तर मशीन जागं व्हायचं नाही, अशी सोय त्यांनीच केली होती. घरधन्याला दारात कोण अडवणार! त्यामुळे आखाजीचा बदल गुपचूप आत गेला होता. त्या फाईलची पहिली ओळ म्हणजे ही फाईल कोणत्या प्रोग्रामने वाचायची ते मशीनला सांगणारी ओळ. श्री माथ्यावर बसल्यामुळे ती दुसरी झाली, आणि दुसऱ्या ओळीत मशीन ते शोधतच नाही. त्याने फाईल भलत्याच प्रोग्रामच्या हाती दिली. साडूभाऊ हाताने चालवत तेव्हा योग्य तो प्रोग्राम आधीपासूनच उघडा असे, म्हणून तिथे सगळं नीट. ती ओळ त्यांनी कालपासून कितीदा तरी पाहिली होती. पण श्री म्हणजे काय बदल झाला का!

मी म्हटलं, पुसून टाका. त्यांचं बोट बटणापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वडिलांकडे वळले. "आप्पा, श्री काढनं पडी."

आप्पा म्हणाले, "काढस कसाले? खाले सरकाड. देव काही रुसाव नही."

साडूभाऊंनी श्री दुसऱ्या ओळीवर घेतलं आणि बदल पाठवला. मशीनने आपला वेळ घेतला. आम्ही सगळे दिव्याकडे तोंड करून उभे होतो, वहिनी हातात फडकं घेऊन. दिवा हिरवा झाला तेव्हा आमच्याआधी समोरचा म्हातारबा ओरडला, "हिरवा व्हयना!" मॅडमना कळवून झालं, मुदत वाढली, आणि साडूभाऊंनी पहिला फोन ज्याचा बदल विनाकारण मागे घेतला होता त्याला लावला. "जेवण व्हयनं का?" उन्हं उतरल्यावर आप्पांनी टोपी घातली, "चाल" म्हणाले, आणि दोघं एकही शब्द न बोलता वावराकडे निघाले.

वहिनींचा हात माळ्याला नीट पुरत नाही, म्हणून रिकामी बॅग वर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. स्टुलावर चढून मी ती पार आत, भिंतीपर्यंत ढकलली. खाली स्टूल धरून माझी बायको उभी होती. "अजून आत सरकवा," ती म्हणाली. मी खाली उतरल्यावर म्हणाली, "तो फ्लॅट आता कोण घेतं कोण जाणे."

फ्लॅटमध्ये दुसरी माणसं राहायला आली, चांगली आहेत. मी पुण्यातच आहे. संध्याकाळी घरी निघण्याआधी मी एकदा बिल्ड बघून घेतो, माझं काम असो वा नसो. हिरवं दिसलं, म्हणजे साडूभाऊ मोकळे झाले, की लॅपटॉप मिटतो. बायको दार उघडते आणि मी चपला काढायच्या आत विचारते, "गेले का ते वावरात?"

"गेले," मी सांगतो.