दुसऱ्या भागात मारलेली मुलगी

माझी धाकटी बहीण सासरी परत जाणार होती, त्याच्या आदल्या दुपारी आम्ही तिघी सिनेमाला गेलो. आमच्या घरची ती रीतच होती. माहेरवाशीण निघायची म्हणजे तिची ओटी भरायची, लाडवांचा डबा बांधायचा आणि आदल्या दिवशी तिला सिनेमा दाखवायचा. परगावच्या माणसांना हे चमत्कारिक वाटे. पण कोल्हापुरात सिनेमे नुसते पाहिले जात नव्हते, तयारही होत होते. भाजी विकणारी बाईसुद्धा अमुक नटीला रडताना कुठून उजेड द्यायला हवा होता, हे मेथीची जुडी निवडता निवडता सांगत असे. तिथे या रीतीचे कुणाला नवल नव्हते.

ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. आई प्राथमिक शाळेत शिकवत असे आणि मी मराठी घेऊन एम. ए. करत होते. आम्ही कसबा बावड्यात राहत होतो. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास आमच्या दोन खोल्यांत भरून राही. वाळत घातलेल्या लुगड्यांत, पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात. त्या वर्षी तो वास सुरू व्हायला आणि बहीण घरी यायला एकच गाठ पडली. ती कागलच्या बाजूला एका बागायतदाराच्या घरी दिलेली होती. आली ती डोक्याला फडके बांधून. सोबत आलेल्या दिराने सांगितले, विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला. पुढे आठवड्याने आई तिला न्हायला घालत होती. डाव्या कानामागचे टाके आईच्या बोटांना लागले. तांब्या तसाच हातात धरून आईने विचारले, "पायरी इथं कशी लागली गं?" आणि ओल्या केसांच्या आडून बहीण म्हणाली, "पायरी न्हवती. उंबरा होता. त्यांनी धरून आपटलं."

त्या कानाने तिला पुढे कमी ऐकू येऊ लागले. ती आमच्या उजवीकडे बसायचे टाळू लागली, म्हणजे तिचा चांगला कान आमच्याकडे राही.

मग मामा मध्ये पडला. सासरची माणसे आली, चहा झाला, गुळाच्या भावाची चौकशी झाली आणि मग मूळ विषय निघाला. मामा म्हणाला, "चारचौघांत शब्द दिलाय त्यांनी. आता तसं व्हायचं न्हाई. झालं गेलं विसरून जायचं." आईने होकाराची मान हलवली. माझे लग्न व्हायचे होते. ते कारण कुणी बोलून दाखवले नाही; पण ते त्या बैठकीत, चहाच्या कपांमध्ये, एखाद्या पाहुण्यासारखे बसलेले होते. बहिणीला कुणी विचारले नाही. तिनेही ट्रंक काढली आणि लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

त्या दुपारी आम्ही गेलो होतो एका मराठी कौटुंबिक सिनेमाला. थिएटरच्या दारात फलक पुसून नवा खडू ओढलेला. पुण्याहून यायची रिळे आली नव्हती, म्हणून सकाळचाच इंग्रजी सिनेमा पुन्हा लावला होता. दारावरच्या माणसाने आईला समजावले, "भुताचा हाय, मावशी. दुसरा भाग."

"पहिला बघितला नसला तर कळंल का?"

"त्यात काय कळायचंय? मरत्यात नुसती."

शेजारच्या पेठेतल्या दहा-बारा बायका आधीच आत शिरत होत्या. भुताचे हिंदी सिनेमे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यात गाणी असत, शेवटी देवळाची घंटा वाजे. आईलाही हा तसलाच वाटला. शिवाय रीत मोडायची नव्हती. "आलोच आहोत तर बघू," ती म्हणाली.

बायकांच्या रांगा मागच्या बाजूला, लाकडी कठड्याने वेगळ्या केलेल्या होत्या. आत फिनेलचा, विडीच्या धुराचा आणि भडंगातल्या लसणाचा वास. कुणाच्या तरी अंबाड्यावरची अबोली अंधारात सुकत होती. अबोलीला वास नसतो, पण तिच्या देठांना बांधलेल्या ओल्या दोऱ्याला असतो. आई मध्ये बसली, मी तिच्या एका बाजूला, आणि बहीण दुसऱ्या बाजूला, उजवा कान आईकडे करून.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच एका पोहणाऱ्या तरुणाचा गळा चिरला गेला. तांबडा रंग इतका उसळून आला की पुढच्या रांगांतल्या पुरुषांनी एकच ओरड केली. मला वाटले, भ्याले. पण ती ओरड वेगळी होती. "आयला, कोयता हाय की!" मारणाऱ्याच्या हातातले पाते खरोखरच ऊस तोडायच्या कोयत्यासारखे होते, आणि खाली बसलेल्यांतले निम्मे लोक तो रोज हातात धरणारे. "धरायला येत न्हाय बघ त्याला!" "मनगाट वळवलंय कसं? अशानं उसाचं पाचट तरी निघंल व्हय?" "आन् ते रगात न्हाय, कुंकवाचं पाणी हाय!" तालमीतला एक गडी उभा राहून पडद्याला म्हणाला, "मला सोडा आत. एका डावात घोळवतो." सगळे थिएटर हसले. पडद्यावर मरणाऱ्यांच्या किंकाळ्या आणि इथले हसू एकमेकांत असे मिसळले की कुठले कुठून येते ते कळेना.

त्या दिवसांत आम्हाला रसचर्चा शिकवत होते. भयानक, बीभत्स, आणि या भावनांचा आस्वाद घेता येण्यासाठी प्रेक्षकाला लागणारे अंतर. मी ती टिपणे सुबक अक्षरात उतरवून घेत असे. त्या दुपारी माझ्या तळहातांना घाम आला होता आणि खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनला ते चिकटत होते. मी अंतर शोधत होते आणि ते सापडत नव्हते.

मग ती मुलगी आली. बोलण्यातून कळले की पहिल्या भागात झाडीतल्या एका घरात सगळे मारले गेले होते आणि ही एकटी वाचली होती. तिच्या गळ्यावर व्रण होता. ती दचकून उठे, दिवा लावून बसे. तिच्यासमोर चष्मा लावलेला एक प्रौढ गृहस्थ शांतपणे बोलत होता. इंग्रजी आम्हा तिघींत फक्त मला, तेही जेमतेम, कळत होते. आई मधूनमधून विचारी, "काय म्हणतोय?" आणि मी कुजबुजत सांगे. आताही तिने विचारले.

"म्हणतोय, झालं ते झालं. आता तिथं काही धोका नाही."

"आणि?"

"म्हणतोय, परत गेलीस की मनातली भीती जाईल."

माझा आवाज मलाच परका वाटला. आईने माझ्याकडे पाहिले नाही. पडद्यावर ती मुलगी एका लहानशा बॅगेत कपड्यांच्या घड्या ठेवत होती.

ती त्या घराकडे निघाली तशी आमच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. झाडांमधून जाणारा रस्ता, ओल्या पानांवरची तिची पावले. एक बाई म्हणाली, "कुठं चाललीया ही भवानी?" दुसरी म्हणाली, "अगं, तिथंच चाललीया! त्याच घरात!" आणि मग सगळ्याच बोलू लागल्या. "फिर की मागं!" "अगं ए, निदान लाईट तरी लाव!" खालचे पुरुष शिट्ट्या मारत होते, त्यांना कोयता हवा होता. मुलीने दाराच्या मुठीवर हात ठेवला. तेवढ्यात माझ्या अगदी शेजारून आवाज आला.

"जाऊ नको गं! एकदा वाचलीस न्हवं? परत कशाला जातीस त्या घरात? जाऊ नको!"

आई उभी राहिली होती. पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या भुवईने गप्प करणारी माझी आई. मी तिचा तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता, पुढेही ऐकला नाही. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट रोवलेले होते.

मुलगी आत गेली. आत काळोख होता आणि दारामागे तो होता. पुढचे मी नीट पाहिले नाही. फक्त तांबडा उजेड आईच्या चेहऱ्यावर हलताना पाहिला. खाली टाळ्या पडल्या. बायकांच्या रांगा मात्र एकदम शांत झाल्या, आणि त्या शांततेत माझी बहीण हसली.

मोठ्याने, खळखळून. घरी आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. पुढच्या बायकांनी वळून पाहिले.

आई खाली बसली. "हसतीस काय?"

"तिला मराठी येत न्हाई, आई," बहीण म्हणाली. "तू ओरडून तिला काय उपेग?"

मध्यंतर झाले. पिवळे दिवे लागले, गोटी-सोड्याच्या बाटल्या फटाफट उघडू लागल्या. कठड्याजवळच्या बायका पदराने वारा घेत त्या मुलीची चर्चा करत होत्या, जणू ती त्यांच्याच गल्लीतली.

"पहिल्या भागातनं जीव वाचवून आली हुती म्हणं बिचारी."

"आली हुती तर ऱ्हायचं की घरात."

"ऱ्हाऊ दिली तर ऱ्हाईल! घरच्यांनीच धाडली की तिला."

आणि एक वयस्क बाई, दातांत अडकलेला दाणा काढत, सहज म्हणाली, "हिला आई न्हाई वाटतं."

आई माझ्या शेजारी होती. तिच्या हातात भडंगाची पुडी होती. ती पुडी तिने सावकाश मिटली, तिच्या कडा एकमेकांत खोचल्या, जशी शाळेतल्या खडूंची पुडी मिटत असे. मग म्हणाली, "चला."

"अजून अर्धा आहे, आई."

"मी जातो. तुम्ही या मागनं." कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी, पुरुषी क्रियापदाने, ती भावना अनावर झाली की बोले. आम्ही दोघी तिच्या मागोमाग उन्हात आलो. अर्ध्या सिनेमातून आम्ही पूर्वी कधीच उठलो नव्हतो.

आम्ही बस धरली. बावडा जवळ आला तसा मळीचा वास खिडकीतून आत शिरला. घरी ट्रंक दारापाशीच ठेवलेली होती. तिच्यावर सासरी न्यायचा लाडवांचा डबा, वर धुवट फडक्याची गाठ. आईने चप्पल काढली, पाय धुतले आणि डब्याजवळ जाऊन बसली. गाठ घट्ट होती. तिने दातांनी ती सोडवली. झाकण उघडले, तेव्हा तुपाचा आणि वेलदोड्याचा वास आला. एक लाडू तिने बहिणीच्या हातावर ठेवला.

"ते तिकडं न्यायचे आहेत ना?" बहिणीने विचारले.

"खा," आई म्हणाली.

बहीण तो लाडू हातात घेऊन किती तरी वेळ उभी होती. मग तिने एक घास तोडला.

सकाळी मामा जीप घेऊन आला. आई दारात उभी होती. "पोरगी यायची न्हाई," ती म्हणाली.

"अगं, कालपर्यंत तर सगळं ठरलेलं. झालं काय?"

"काही नाही. सिनेमा बघितला."

मामा आधी हसला. मग त्याला कळले की ती थट्टा करत नाही. "सिनेमा बघून कोण संसार मोडतं काय, ताई? चारचौघांत मी तोंड कसं दाखवू?" मामाने ट्रंकेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, विशेषतः माझ्याकडे, आणि तो चहा न घेता गेला. पुढे दोन वर्षे तो आमच्याकडे आला नाही. बावड्यात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही: एका मास्तरणीने इंग्रजी भुताच्या नादाने मुलीचे घर मोडले. बाजारात लोक हसून विचारत, "तिसरा भाग कधी, बाई?"

हे सगळे सुखान्त होते, असे मला लिहिता येत नाही. मेहुणे दोनदा येऊन फाटकाशी उभे राहिले. दुसऱ्या वेळी आई शाळेत होती आणि बहीण अंगणात. मी आतून पाहिले; ती बोलत नव्हती, पण आतही येत नव्हती. ते बोलत होते तेव्हा तिने मान वळवून उजवा कान त्यांच्याकडे केला होता. ते गेल्यावर तिने फाटकाची कडी लावली आणि मला म्हणाली, "आक्का, मी गेलो असतो तर कदाचित खरंच काही झालं नसतं." तिने शिवणकामाचा वर्ग लावला, पुढे शिकवायलाही लागली. तिने कधी आईचे आभार मानले नाहीत आणि आईने त्याची वाटही पाहिली नाही. आईने सिनेमा मात्र सोडला. माझ्या लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी येऊन निघाले, तेव्हा तिने ओटी भरली, डबा बांधला, आणि आदल्या दुपारी आम्ही नुसत्या रंकाळ्यावर जाऊन बसलो.

त्याच वेळी परतताना, बस थांब्याच्या भिंतीवर, बहिणीला त्याच सिनेमाचा कागद दिसला. तिसरा भाग. खळ अजून ओली होती, आणि कोयत्याचे पाते सुरकुत्या पडून वाकडे झाले होते. बहीण जवळ जाऊन कोपऱ्यातली बारीक चित्रे न्याहाळू लागली.

"कुणाला शोधतीस?" आईने विचारले.

"दुसऱ्यात कोण वाचली ते आपण बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "मध्यंतरानंतर कुणीतरी वाचली असणारच. आता तिसऱ्यात तिची पाळी."

बस आली. आईने बहिणीचे मनगट धरले आणि, गर्दी नसतानाही, ती आत चढेपर्यंत सोडले नाही.