झाकणाचं यान

नव्या मालिकावाल्यांनी मला फसवलं. दर आठवड्याला वेगळी विज्ञानकथा दाखवणारी आमच्या तरुणपणीची कृष्णधवल मालिका त्यांनी पुन्हा काढली, म्हणून परवा मोठ्या आशेने बघायला बसलो. यान अगदी खऱ्यासारखं उतरलं, धूळ उडाली, माणसं लगेच गोळ्या झाडत सुटली. मी जांभई दिली.

जुन्या मालिकेत याच कथेतलं यान म्हणजे पातेल्याचं झाकण होतं. मी भांड्यांचा व्यापारी, तेव्हाच ओळखलं होतं. कडेचा पोचासुद्धा दिसत होता. तरी ते डुगडुगत खाली आलं, शेतातला एक म्हातारा टोपी काढून नुसता बघत राहिला, आणि आमची माणसांनी भरलेली खोली गप्प झाली.

"नव्या यानाला कशाला नावं ठेवता?" बायको म्हणाली. "तुम्हीच म्हातारे झालात."

हे मात्र लागलं. माल खोटा, की गिऱ्हाईकच विटलेलं? खात्री करायला मी फोनवर जुना भाग लावला. झाकण आलं, पोचा दिसला, म्हाताऱ्याने टोपी काढली, आणि माझ्या हातांवर सरसरून काटा आला. शेजारी बायकोनेही पदर खांद्यावर ओढून घेतला.

म्हणजे मी शाबूत आहे. जन्मभर भांडी वाजवून पारखली, पण त्या पोचा पडलेल्या झाकणात एवढं आभाळ कसं मावलं, ते मला अजून उमगत नाही. मालिकावाल्यांनो, यान नवं दिलंत ते ठीक; पण टोपी काढून बघणारा तो म्हातारा कुणी काढून टाकला? त्याने समोर येऊन जबाब द्यावा.