धंतोलीतली भरती

सातवीतून शाळा सोडून मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठावरून नागपूरला आलो, तेव्हा शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका ट्रकमिस्त्रीने मला आपल्या खोलीत जागा दिली. ना ओळख, ना पाळख. "झोप गा इथं. बरा माणूस दिसून राहिला," एवढंच म्हणाला. त्या दोन वाक्यांच्या आधारावर मी या शहरात राहिलो.

त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. अंदमानात राहून आलेल्या एका ड्रायव्हरने त्याला तिथल्या उत्तर टोकाचं सांगितलं होतं: जंगल थेट पाण्यात उतरतं, वाळूवर माणसाचं पाऊल नाही. तेव्हापासून मिस्त्रीच्या डोक्यात तेच.

"आपले आपण जाऊ. टोळी नको, साहेब नको. मद्रासपर्यंत रेल्वे, मंग जहाज, मंग भेटंल ते होडकं."

परवाना लागला तर? वादळ झालं तर? मी विचारत राही.

"तू समुद्राचा ना बे? मले काहून भेववून राहिला?"

"जा बाप्पा दोघंही," त्याची बायको चहा गाळता गाळता म्हणे. "माह्या घरचं राकेल तरी वाचंल."

मी त्याला भरती-ओहोटी शिकवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा. ते शब्द त्याला इतके आवडले, की तब्येत विचारली तर म्हणायचा, "भरती!" कमरेत चमक भरली की "ओहोटी."

एका दुपारी मी काम करायचो त्या गोदामाच्या मुनशीने फोन खाली ठेवला. "तुह्या मिस्त्रीच्या घरून होता. भरती हाये म्हणते."

मला वाटलं, मिस्त्री खुशीत आहे, रजा मिळाली, निघायचं ठरलं. मी हसलो.

"हसून काहून राहिला बे? धंतोलीत भरती हाये तो. दवाखान्यात."

आमच्याकडे भरती पाण्याला येते. माणसाला दवाखान्यात ठेवतात. इथे माणूसच भरती होतो, हे तोवर माझ्या कानावरून कधी गेलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा तो पिवळा पडला होता. वहिनी उशाशी बसल्या होत्या. "सुट्टी झाली का निघू," तो म्हणाला. दवाखान्यातून घरी सोडण्यालाही इथे सुट्टीच म्हणतात. मग थोड्या वेळाने, "आज तिथी कोणती गा?"

"अष्टमी."

"मंग सहाले भरती. लागली का सांगजो."

डोळे मिटले. पुन्हा एक उघडला. "पण तिकडचं पाणी तुह्या गावच्या हिशोबानं काहून चालंल?"

खिडकीखालच्या औषधांच्या दुकानात दिवे लागले, भिंतीवरच्या घड्याळात सहा झाले, आणि वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"लागली, मिस्त्री."

"कुठवर?"

"झाडांच्या मुळांपर्यंत."

त्याने चादरीखाली पाय आखडून घेतले, पाणी लागावं तसे. दुसऱ्या सकाळी तो गेला.

मी अंदमानात कधी गेलो नाही. तिथे राहून आलेली माणसं पुढे भेटली. त्यांना तिथल्या भरतीची वेळ विचारायचं मी टाळलं. धंतोलीत कुणी "भरती करा" म्हणालं की अजून माझे पाय आपोआप मागे सरतात. आणि भीती वाटते, त्या संध्याकाळी तिकडे ओहोटी असेल, आणि तो कोरड्या वाळूवर माझी वाट पाहत असेल.