नऊ नग

मे २०१४ मध्ये, आंध्र प्रदेशाचे दोन भाग होण्याच्या आदल्या आठवड्यात, माझ्या भावजींनी सरकारी रजिस्टरात लिहून दिले की आठ महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः निवडलेल्या ड्रमसेटचा नाद खोटा आहे. खाली सही केली, तारीख घातली आणि रजिस्टर बंद केले. ओळखीच्यांपैकी ज्यांनी ज्यांनी हे ऐकले त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. आपली चूक झाली असे म्हणण्याची पाळी या माणसावर आयुष्यात कधी आली नव्हती. पाळी आली असेल, पण त्यांनी ती ओळखली नव्हती.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील सरकारी शाळेत, हे स्वतः एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत. हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या त्या घराने तीन पिढ्यांत सरकारी पगाराखेरीज दुसरा पगार पाहिलेला नाही. गाणे ते शिकले नव्हते आणि कोणतेही वाद्य त्यांना वाजवता येत नव्हते. त्यांच्याकडे होते एक मधले बोट. त्या बोटाची टिचकी मारली की वस्तूची लायकी कळते, असे त्यांचे मत होते आणि ते मत ते सिद्धान्तासारखे सांगत. नारळ, कलिंगड, माठ, कुकर, दरवाजा, विटा, सुटकेस, सगळ्यांना एकच कसोटी. लग्नाआधी बोलणी करायला आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी रुखवतासाठी आणून ठेवलेल्या घागरीला टिचकी मारली आणि माझ्या वडिलांना सांगितले, "बुडाला डाग दिलाय. बदलून घ्या." वडिलांनी घागर बदलून आणली. मुलगा बदलता येत नव्हता, हे ते पुढे अनेक वर्षे बोलून दाखवत.

कोठीच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर माठ घ्यायला गेलो होतो. त्यांनी एकोणीस माठ वाजवले. मी मोजले, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. विसाव्याला हात घालताच विकणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोंटावा, लेदा?" घेणार की नाही, एवढाच तिचा तेलुगू प्रश्न होता. भावजींनी तिला शुद्ध मराठीत सांगितले की भट्टी कमी पडली आहे, आणि आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. त्या उन्हाळ्यात ताई बाटल्यांतले पाणी प्यायली. डॉक्टरांकडे गेले की हीच तऱ्हा. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर बोटे ठेवून ठोकायला सुरुवात केली की हे मान तिरकी करून ऐकत. "उजवीकडे बद्द वाजतंय. पुन्हा मारा." एक्स-रे स्वच्छ निघाला, तेव्हा ते म्हणाले की यंत्र जुने झाले आहे. त्यांनी निवडलेली पाण्याची टाकी पहिल्याच महिन्यात गळू लागली. टाकी उत्तम असून गच्चीचा उतार चुकला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ताईने टाकीखाली निळी बादली ठेवली. सहा वर्षांनी ती बादली फुटली, तेव्हा तिने दुसरी ठेवली.

अशा माणसाला कार्यालयाच्या कर्मचारी क्लबने ड्रमसेट निवडायला सांगितले. क्लबने वर्गणी काढली होती आणि साधा सेट नको, पुढे वीस वर्षे टिकेल असा महागातला घ्यायचा असे ठरले होते. वाजवणारी होती प्रज्ञा, त्याच कार्यालयातली कनिष्ठ सहायक. तिचे आजोबा नांदेडकडून नोकरीसाठी इथे आले; घर कुकटपल्लीला. कॉलेजपासून ती जयंतीच्या कार्यक्रमांतल्या ऑर्केस्ट्रात वाजवत होती, पण कायम दुसऱ्याच्या वाद्यावर. कुठे पायाचे पेडल सुतळीने बांधलेले, कुठे एक ड्रम कमी, कुठे झांजेला चीर. "सर, एकदा तरी पुऱ्या सेटवर वाजवायचंय," ती भावजींना म्हणाली. "काही गायब नको, काही बांधलेलं नको. बस, एवढंच."

भावजींनी त्यासाठी तीन शनिवार घेतले. दुसऱ्या शनिवारी मी सोबत होतो. दुकानदाराने काचेसारखा चमकणारा लाल परदेशी सेट पुढे केला. भावजींनी त्यातल्या लहान ड्रमची वरची पुडी, म्हणजे ज्यावर काठी पडते ते प्लास्टिकचे कातडे, काढायला लावली. मग उघडे लाकडी पिंप एका बोटावर लटकवून टिचकी मारली. मग दुसरीकडे मारली. मग दुकानाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन मारली.

"क्या साब," दुकानदार म्हणाला, "ड्रम है, खरबूजा नै."

"तुम चुप बैठो, उसको बोलने दो."

प्रज्ञाने काठ्या हातात घेतल्या, तर तिला त्यांनी बसू दिले नाही. "वाजवणारा वाद्याचे दोष झाकतो. आधी मी ऐकणार." झांजेवर एक टोला मारून घड्याळाकडे बघत राहिले, नाद पूर्ण विरेपर्यंत कोणी बोलायचे नाही असा हुकूम होता. त्या वेळात एक गिऱ्हाईक आत येऊन, आम्हा चौघांचे चेहरे पाहून, परत गेले.

"सर, ते ताट किती वेळ ऐकणार? क्रॅश आहे तो, धडाक्याची झांज. मारून सोडायचा असतो."

"सोडलेलंच ऐकतोय."

यानंतर जे झाले ते त्यांच्या बाजूने जाते, म्हणून ते नोंदवणे भाग आहे. त्यांनी तो लाल ड्रम काचेच्या काउंटरवर पालथा ठेवला आणि पिंपाच्या आत टॉर्च लावला. काठ सपाट असता तर उजेड आतच राहिला असता. एका बाजूने उजेडाची बारीक रेघ बाहेर आली. जिथे उजेड सुटतो तिथे पुडी नीट बसत नाही, आणि कितीही आवळली तरी त्या जागी आवाज घरघरतो, असे भावजी म्हणाले. दुकानदाराने वाकून पाहिले. "ये तो मैं बी नै देखा, साब." लाल सेट मागे गेला. तिसऱ्या शनिवारी साध्या लाकडी रंगाचा दुसरा सेट पुढे आला. त्याचा काठ सपाट होता. मग प्रज्ञाला वाजवायला बसवून भावजी रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले, कारण नाद शेवटच्या रांगेत तपासायचा असतो. चाळीस मिनिटांनी ते परत आले. प्रज्ञाचा शर्ट घामाने भिजला होता.

"आता तरी हौ म्हणा ना, सर."

"घ्या," भावजी म्हणाले.

नोंदीत मात्र ते खरे भांडारवाले निघाले. कोणीही शहाणा माणूस भांडाराच्या रजिस्टरात 'ड्रमसेट, एक' असे लिहील. भावजींनी बास ड्रमला पहिला क्रमांक दिला, त्याच्या पेडलला दुसरा, आणि असे करत नऊ नग नोंदवले. पायाने वाजणाऱ्या जोडझांजेची वरची ताटली सातवी, खालची आठवी. प्रज्ञाने विचारले तेव्हा म्हणाले, "प्रत्येकाचा नाद वेगळा. नाद वेगळा, तर नग वेगळा."

आठ महिन्यांनी राज्य विभागायची वेळ आली आणि कार्यालयातल्या खुर्च्या, पंखे, टाइपरायटर यांच्याबरोबर क्लबच्या वस्तूही यादीत आल्या. वाटप समितीच्या अधिकाऱ्याने सोपी पद्धत काढली: विषम क्रमांक आंध्राला, सम क्रमांक तेलंगणाला. त्यानुसार बास ड्रम आंध्रात जाणार होता आणि तो वाजवायचे पेडल हैदराबादेत राहणार होते. जोडझांजेच्या दोन ताटल्या दोन राज्यांत जाणार होत्या. प्रज्ञाने समितीला अर्ज केला. रजिस्टर प्रमाण आहे, असे उत्तर आले. ती यादी घेऊन भांडारात आली.

"अय्यो सर, एक सेट असं लिहिलं असतं तर?"

भावजींनी यादी घेऊन ती रजिस्टराशी नगागणिक ताडून पाहिली. ताई सांगते की तिने नवीन कुकर आणला त्याला त्यांनी दोन दिवस हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या वर्तमानपत्रासाठी वाटपाची बातमी करायला त्या कार्यालयात होतो. भावजी समितीच्या टेबलासमोर उभे होते. रजिस्टरात नऊही नगांपुढे त्यांच्या अक्षरात एकच शेरा होता: नाद खोटा, निकामी. निकामी माल वाटला जात नाही, जागेवरच लिलावात निघतो. अधिकारी गुंटूरकडचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून विचारले, "पास कोणी केला होता हा?"

"मीच."

"मग?"

"ऐकण्यात चूक झाली."

अधिकाऱ्याने चष्मा पुन्हा लावला. मग शिक्का मारला. माझ्या बातमीत ड्रमसेटचा उल्लेख नाही.

खोटा माल पास केल्याबद्दल भावजींना लेखी समज मिळाली आणि ती त्यांच्या सेवापुस्तिकेत लागली. पूर्ण नोकरीतली ती एकच. त्यांच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात एका वक्त्याने शेवटी कानानेही राजीनामा दिला असा विनोद केला आणि सभागृह हसले. भावजी हारासह खुर्चीत बसून होते. लिलावात ड्रमसेटसाठी एकटी प्रज्ञा उभी राहिली. नियमाप्रमाणे तिला त्याच लॉटमधले तीन पंखे आणि एक सायक्लोस्टाइल मशीनही उचलावे लागले.

पुढच्या एका रविवारी सकाळी भावजी मला कुकटपल्लीला घेऊन गेले. प्रज्ञाच्या घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली, नऊही नग जागेवर होते. बाजूला सायक्लोस्टाइल मशीन होते. त्यावर तिच्या आईने कोरफडीची कुंडी ठेवली होती. "बसा ना सर," प्रज्ञा म्हणाली. भावजी बसले नाहीत. त्यांनी कोणत्याही वस्तूला टिचकी मारली नाही. रस्ता ओलांडून ते समोरच्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले, आणि मीही गेलो. खिडकी उघडी होती. तिने सुरुवात केली.

थोड्या वेळाने मी विचारले, "कसा आहे नाद?"

"कागदावर खोटा आहे," भावजी म्हणाले. "सही माझी आहे."

प्रज्ञा वाजवत होती तेवढ्या वेळात कोठीकडे जाणाऱ्या तीन बसेस आल्या आणि गेल्या. चौथी आली तेव्हा वाजवणे थांबले होते. आम्ही तिच्यात चढलो.