सुमनच्या वाट्याचा अर्धा तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढं बसले तरी एवढं सोडून बाकीचं बोलले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

मी रोज दुपारी जेवण झालं की अर्धा तास पडते. पाय उंच करून. सोळा वर्षं झाली. पेरणी असो, कापसाची वेचणी असो, घरात लग्न असो — माझा अर्धा तास चुकला नाही. आमच्या पिंगळीच्या बाजूला शेतकऱ्याच्या घरची सून दुपारी निजत नाही. तापानं फणफणली तर निजते, नाहीतर बाळंत झाली तर. मी धडधाकट असून निजायचे आणि कुणी नावं ठेवत नव्हतं. तुला कसं गं जमतं, असं बायका विचारायच्या. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणायचे मी.

सांगितलं होतंच. फक्त — कुणाला?

विद्यापीठाच्या नामांतराची पहिली गडबड चालू होती ते वर्ष. एस्टीचा भरवसा नव्हता, म्हणून मी आणि माझी धाकटी जाऊ सुमन रेल्वेनं परभणीला गेलो. तिचं दुसरं बाळंतपण होऊन सहा महिने झाले होते. डाव्या पोटरीवर निळ्या शिरा गाठीगाठीनं फुगलेल्या, संध्याकाळी पाय सुजायचा. मला नुसती चक्कर यायची. आलोच आहोत तर माझंही दाखवून घ्यावं, एवढंच.

आमच्याकडं धाकटीचं दुखणं थोरलीला सांगायची रीत. सुमन तपासून झाल्याबरोबर लाजून बाहेर जाऊन बसली, आणि डॉक्टर माझ्याशी बोलले. हिनं रोज दुपारी अर्धा तास पाय उंच करून निजायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही — रोज. मलम लिहून देतो, पण खरं औषध हेच. मला त्यांनी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या.

"काय म्हणले डागदर, आक्का?" सुमननं गाडीत विचारलं.

"तुला मलम दिलंय," मी म्हणाले. "आन् मला रोज दुपारी पडायला सांगितलंय. पाय वर करून."

हे वाक्य कुठून आलं? मी ते सोळा वर्षं उलटून पालटून बघते आहे. ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडेपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं. आणि तरी ते पुरतं तयार होतं — 'पाय वर करून' सुद्धा! माणसाच्या आत असं काही आधीच शिजवून ठेवलेलं असतं का? तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. तीन लेकरं, चौदा माणसांच्या भाकरी. दमले, हा शब्द घरात कुणाला म्हणायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. पण हे कारण झालं असं मी म्हणत नाही. सुमनही त्याच चौदा माणसांच्या भाकरी थापत होती.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "झोप बाई, डागदरचं ऐकावं लागतंय. न्हाईतर तुझं माहेर म्हणंल, लेक राबवून मारली."

पहिल्या दुपारी झोप आलीच नाही. छताच्या झरोक्यातून आलेला उजेडाचा चौकोन भिंतीवरनं सरकत होता, तो बघत पडले. मग एकेक करून अंग सापडू लागलं. हा खांदा. ही कंबर. ही पायाची बोटं — बापरे, ही किती दिवसांनी! लाज वाटायला हवी होती. नवल वाटत होतं. सांगते ते खरं सांगते: त्या अर्ध्या तासात मी सुखी होते.

आणि माझ्या पायाखाली वाकळेची घडी कोण घालायचं? सुमन. "उंच झालं का, आक्का? पडा तुमी, मी हाय की." पोरांना ती बाहेर काढायची, माझ्या वाटणीची भांडी ती घासायची. उभ्यानं.

एकदा पाय फार ठणकला तेव्हा तीही माझ्या शेजारी येऊन टेकली. आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "आता दोघीबी महाराणी झाल्या का? घर काय मांजर बघंल?" सुमन हसत उठली. मी जागी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी डोळे मिटून घेतले, झोपेत असल्यासारखा श्वास लांबवला. गाडीतलं खोटं तोंडातून निसटलं म्हणू. हे निसटलेलं नव्हतं.

पुढं तिच्या घोट्याच्या वर जखम झाली. कडूलिंबाच्या पाल्यानं धुवायची, जुन्या धोतराची पट्टी बांधायची. भरल्यासारखी व्हायची, पुन्हा उलायची. आत्याबाई वारल्या. मग तर अडवणारं कुणी उरलं नव्हतं — तरी का बोलले नाही? आज सांगावं तर, काल का नाही, हे आधी सांगावं लागलं असतं. आणि रोज एक काल वाढत होता.

यंदा नामांतर झालं. त्यानंतर महिन्याभरात सुमनला घेऊन पुन्हा परभणीला गेले. डॉक्टर नवे, तरुण. त्यांनी तिला बाहेर जाऊ दिलं नाही, तिच्याशीच बोलले. रोज अर्धा तास पाय वर करून पडला असतात, मावशी, तर इथवर आलं नसतं. आधी कुणी सांगितलं नाही का?

सुमननं जरा विचार केला.

"आमच्या आक्काला सांगितलं हुतं," ती म्हणाली, आणि कौतुकानं माझ्याकडं बोट केलं. "त्यान्ला लय गुण आला. त्यांचे पाय बघा की, कसे हायत."

डॉक्टरांनी पाहिलं. मीही खाली पाहिलं. ती म्हणाली ते खरं होतं. माझे पाय चांगले आहेत.